श्रीवर्धनमार्गे एक सुनियोजित सहल

प्रवास कोणीही करतो. गुरंढोरंही संध्याकाळी न चुकता घरी येतात. नियोजन मात्र फक्त मनुष्यप्राण्याला जमतं, आणि आमच्या बदलापूरमधल्या कात्रपच्या घरात ते जितकं सखोल झालं तितकं अन्यत्र क्वचितच झालं असेल, हे मी नम्रपणे नमूद करतो.

विषय साधा होता. माझी आई सरस्वतीबाई हिची थोरली बहीण, यशोधरामावशी, श्रीवर्धनच्या पुढे कड्याखालच्या एका गावात एकटी राहते. समोर समुद्र, मागे डोंगर, मधे मावशी. बहिणी बऱ्याच वर्षांत भेटल्या नव्हत्या. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवरचं बोलणं 'जेवलीस का'च्या पलीकडे सरकत नसे. तेव्हा थंडीत दोन दिवस काढून गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने जावं, आईला बहीण भेटवावी, आपणही जरा वारा खावा, असं माझी पत्नी वृंदा म्हणाली. सूचना करणाऱ्याचं काम तिथेच संपतं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात अधिकारी आहे. आमच्याकडे पिंपाचं झाकण उघडायचं तरी आधी जोखमीचा विचार होतो. सहलीला वेगळा न्याय का लावावा? देखभाल विभागातल्या सुजितला मी सोबत घेतलं (त्याने एकदा गुहागरपर्यंत गाडी नेली होती, सबब तज्ज्ञ) आणि 'कोकण फायनल' नावाचा ग्रुप काढला.

पहिला हिवाळा मार्गनिश्चितीत गेला. पाली-माणगाववरून सरळ जावं, की पेण-अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवावी? पहिल्यात वेळ वाचतो, दुसऱ्यात समुद्र दिसतो. सुजित म्हणाला, बोटीत हँडब्रेक ओढून ठेवावा लागतो आणि सर, तुमचा ढिला आहे. हँडब्रेक दुरुस्त होईपर्यंत होळी आली. होळीनंतरच्या सहलीला हिवाळी म्हणणं मला पटेना.

दुसरा हिवाळा साधनसामग्रीत गेला. हिवाळी सहल म्हटल्यावर गरम कपडे आले. उल्हासनगरच्या बाजारात मी मावशी धरून सगळ्यांसाठी फरच्या टोपीची जॅकेटं घेतली. दुकानदाराने आदराने विचारलं, कश्मीर? मी म्हटलं, कोकण. तो म्हणाला, "सही है साहब, समुंदर की हवा का भरोसा नहीं." धंद्यात मुरलेला माणूस.

त्याच हिवाळ्यात बारवी धरणापर्यंत सराव सहलही झाली. कोणी कुठे बसावं, उलटीची पिशवी कोणाच्या हाताशी असावी, हे प्रत्यक्ष तपासायचं होतं. अर्थात जॅकेटं घालून. बदलापूरच्या पुलावर एवढी कोंडी होती, की पूल उतरेपर्यंत आईला घेरी आली. पलीकडच्या वडापावच्या गाडीवर तिला पाणी पाजलं आणि आम्ही तिथूनच मागे फिरलो. ग्रुपवर मी अहवाल टाकला: 'सराव यशस्वी. त्रुटी निदर्शनास आल्या.' सुजितने अंगठा दाखवला (ग्रुपवरचा, कौतुकाचा).

या सगळ्या काळात आईने एकदाही तक्रार केली नाही. दिवाळी झाली की ती मावशीसाठी चकल्यांचा डबा बाजूला काढायची. संक्रांतीपर्यंत आमचं निघणं झालेलं नसायचं, मग त्या चकल्या आम्हीच खायचो. कधीमधी ती विचारायची, "शशी, रस्ता ठरला का रे?" मी मोबाइलवर नकाशा मोठा करून तिला दोन्ही मार्गांचे गुणदोष समजावून देई. ती ऐकून घेई. आमच्या साहेबांनीही माझं इतकं कधी ऐकून घेतलेलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र सगळं जुळून आलं. भरती-ओहोटी, घाटातलं धुकं, सुरमईची आवक यांचा मेळ घालता सहल यशस्वी होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर गेली (आकडेमोड माझीच). उरलेल्या दहा टक्क्यांसाठी एका शुक्रवारी कारखान्यातून परस्पर सुजितच्या बेलवलीच्या घरी बैठक लावली. बैठक उत्तम झाली. घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्यांनी किल्ली दिली आणि निरोप दिला, की आई आणि वृंदा दोघी सकाळीच पनवेलला गेल्या, तिथून श्रीवर्धनची एसटी धरणार होत्या.

मी फोन लावला. वृंदाने उचलला. वारा इतका की आधी काही कळेना. मी माझी नाराजी मुद्देसूद मांडली: पूर्वसूचना नाही, जॅकेटं घरीच, आणि गेलात तरी कोणत्या मार्गाने?

"मार्ग ड्रायव्हरला माहीत होता," ती म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

मी विचारलं, मावशी कशी आहे.

"तिला दिसत नाही रे आता. गणपतीपासून. मी दारात उभी राहिले, तर विचारते, कोण आलंय. जवळ जाऊन बसले, तर तोंडावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, सरू, म्हातारी दिसतेस का गं तू आता?"

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, कल्याणला चांगले डॉक्टर आहेत, मी चौकशी करतो.

"दाखवलं तिने. आता उपयोग नाही म्हणाले." मग तितक्याच शांतपणे तिने सांगितलं, "मागच्या थंडीत दिसत होतं तिला."

तक्रारीचा सूर असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे मुद्दे होते.

दुसऱ्या दिवशी मी निघालोच होतो. टाकी भरली, चाकांत हवा भरली आणि पंपावरूनच सुजितला फोन करून विचारलं, पालीवरून जाऊ की पेणवरून. तो म्हणाला, सर, घाई नको, जरा बघू. आम्ही बघत असतानाच रविवारी दोघी परत आल्या. आईचा चेहरा उन्हाने रापला होता आणि पिशवीत आमसुलं होती. आता ती दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने जाते. जाताना मला सांगते, विचारत नाही.

ग्रुप अर्थातच चालू आहे. सोसायटीतल्या बऱ्याच कुटुंबांनी आमचा आराखडा मागून नेला. त्यांतलं एकही कुटुंब अद्याप निघालेलं नाही, यावरून आराखडा किती परिपूर्ण आहे ते लक्षात यावं.

हे वाचून तुम्ही मला हसाल. मग जरा हळवे होऊन आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला म्हणाल, आपणही जाऊ या हं यंदा, नक्की. अवश्य म्हणा. ते 'बरं' म्हणतील. तुम्हाला वाटेल, त्यांचा विश्वास बसला.