नमस्कार, वाघ आला आहे

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं समजत होतं. समजावून सांगणारं कुणी तिथं अजून आलं नव्हतं, म्हणून.

त्या जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याकाठी खडकाळ माळ होता आणि त्या माळावर टिटवी राहायची. टिटवी कशी असते ठाऊक आहे ना? पिवळ्या काड्यांसारखे पाय, डोळ्यापाशी लाल झालर, आणि आवाज असा की झोपलेल्या दगडानं कूस बदलावी. घरटं मात्र तिला बांधता येत नाही. चार खडे इकडून आणायचे, चार तिकडून आणायचे आणि उघड्या जमिनीवर अंडी घालायची. त्या साली तिची चार अंडी होती. खड्यांत ठेवली तर खडेच दिसावेत अशी.

आता उघड्यावरची अंडी टिकतील कशी? रोज तिन्हीसांजेला साठ चितळं पाण्यावर यायची. खूर मोजा बघू किती झाले ते! पण टिटवीचं आणि चितळांच्या अक्काचं जमलेलं होतं. अक्का म्हणजे कळपातली सगळ्यात थोरली. टिटवीनं माळ राखायचा, वाघ दिसला की ओरडायचं. अक्कानं कळप पळवायचा, तो डाव्या वाटेनं, अंड्यांना वळसा घालून. ठरलं कधी, तर कधीच नाही. एकदा टिटवी ओरडली आणि अक्का वाचली. दुसऱ्या दिवशी अक्का वळसा घालून गेली. झालं.

टिटवी ओरडायची ती एवढंच: "टिटीव-टिव!" म्हणजे वाघ. कुठे आहे? ती ज्याच्या डोक्यावर घिरट्या घालेल तिथे. किती जवळ आहे? ओरडणं जेवढं जोरात, तेवढा जवळ. चितळं पाण्यातून तोंड वर काढायच्या आधी त्यांचे पाय निघालेले असायचे.

जंगलात एकाला हे फार खुपायचं. बरोबर! वाघाला. आठवड्यात त्याला तीन-तीन उपास घडत. तेही देवाचं नाव न घेता.

पण वाघ मूर्ख नव्हता. टिटवीला गप्प करा, असं तो म्हणाला नाही. त्यानं मोठ्या खडकावर सभा बोलावली आणि गळा भरून आल्यासारखं करून म्हणाला, "मित्रहो, ही बिचारी टिटवी जीव तोडून बोलते. पण कुणाशी बोलते? वाऱ्याशी! ना नमस्कार, ना विचारपूस. आपल्या जंगलात आवाज आहे हो, संवाद राहिला नाही."

चितळांचे डोळे पाणावले. वाघ चांगलं बोलला होता, आणि लांबून बोलला होता.

"यावर उपाय?" अक्कानं विचारलं.

उपाय वाघाच्या मागेच, फांदीवर बसला होता. ती होती साळुंकी. तालुक्याच्या गावी कुठल्याशा क्लासात, बोलायला शिकवतात म्हणे तिथे, सहा वर्षं पिंजऱ्यात टांगलेली. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालेलं. एक दिवस कुणीतरी पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, तेव्हा नाइलाजानं ती जंगलात आली. तिला सगळ्यांनी मॅडम म्हणायचं असं ठरलं. ठरवलं तिनंच.

दुसऱ्या दिवसापासून उंबराखाली वर्ग सुरू झाला.

"आधी नमस्कार," साळुंकी म्हणाली. "मग आपली ओळख. मग समोरच्याला वेळ आहे का ते विचारायचं. मग त्याच्याबद्दल एखादी छान गोष्ट बोलायची. आणि मग आपला मुद्दा. तोही हळू आवाजात, चेहरा हसरा ठेवून."

"मॅडम," टिटवी म्हणाली, "माझा मुद्दा वाघ असतो."

"मुद्दा कुठलाही असो, पद्धत तीच."

"पण तोवर तो येतो ना."

"याला घाई म्हणतात," साळुंकी म्हणाली. "घाई म्हणजे संवादातला पहिला अडथळा. सगळ्यांनी म्हणा."

साठ चितळांनी एका सुरात म्हटलं. अक्कानं दोनदा म्हटलं.

"आता सगळ्यात महत्त्वाचं. डोळ्याला डोळा देऊन बोलायचं. टिटवीताई, बघा माझ्याकडे."

टिटवीनं बघितलं. टिटवीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नीट बघायचं तर मान वाकडी करून एका डोळ्यानं बघावं लागतं. तसं ती बघू लागली.

"हे तिरकं बघणं झालं. समोरच्याला अपमान वाटतो."

"माझे डोळेच तिकडे आहेत मॅडम. म्हणून तर मला मागचं दिसतं."

"कारणं नकोत. तिकडे खडकावर बसलेल्या वाघमहाराजांकडे बघा. दोन्ही डोळे कसे समोर! बोलताना नजर हलत नाही. याला म्हणतात लक्ष देणं."

सगळ्यांनी महाराजांकडे बघितलं. खरंच, वाघाची नजर हलत नव्हती. तो चितळांकडे फार लक्ष देऊन बघत होता.

वानर वर उंबरं खात बसला होता. पूर्वी वाघ दिसला की तोही शेंड्यावरून खाकरायचा. पण उघड्या डोळ्यांनी झोपायची कला त्याच्याकडे होती. त्यामुळे वर्ग संपल्यावर त्याला "उत्तम श्रोता" असं प्रमाणपत्र मिळालं. वडाच्या मोठ्या पानावर, चोचीनं टोचून. त्या दिवसापासून वानर कशालाच खाकरला नाही. श्रोत्यानं मधे आवाज करायचा नसतो.

वर्गातून परतताना टिटवीनं अक्काला गाठलं. "अक्का, तुम्ही तरी सांगा. आपलं काय बिघडलं होतं?"

अक्का थांबली. तिनं मोठा सुस्कारा सोडला. "टिटे, इतकी वर्षं तू माझ्यावर ओरडत होतीस. ते माझ्या मनाला लागत होतं गं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"मलाच कुठे माहीत होतं लागत होतं ते! मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. आजपर्यंत मला कुणी विचारलं का, की अक्का, पळताना तुम्हाला कसं वाटतं?"

"पण तुम्ही जिवंत आहात ना अक्का?"

"बघ, बघ! परत तिरकं बघितलंस."

टिटवी माळावर आली आणि अंड्यांवर बसली. तिला वाटलं, असेलही. साठ जण एक म्हणताहेत आणि आपण एकटी दुसरं. आपलंच चुकत असेल. आणि खरं सांगायचं तर अक्काशिवाय तिचं चालणार नव्हतं. अक्कानं वळसा घालायचं सोडलं, तर अंड्यांचं काय?

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, चितळं पाण्यावर आली. टिटवीला करवंदीच्या जाळीमागे पट्टे दिसले.

गळ्यात "टि" आला. तो तिनं गिळला. लांब पाय टाकत ती अक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"नमस्कार अक्का. मी टिटवी."

"नमस्कार! बघा गं पोरींनो, किती गोड बोलली."

"तुम्हाला थोडा वेळ आहे का?"

"आहे की. पाणीच तर पितेय."

"आज तुमचे ठिपके फार उठून दिसताहेत."

"चल, काहीतरीच तुझं!"

"एक लहानशी गोष्ट सांगायची होती. करवंदीच्या जाळीमागे वाघ आला आहे."

ऐकून घेतलं की ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं, असं मॅडमनी शिकवलं होतं. अक्का हुशार विद्यार्थिनी. तिनं मान कलती केली. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की करवंदीच्या जाळीमागे..."

"आता पुढे आलाय अक्का."

"मधे तोडू नये बाई. माझं वाक्य पुरं होऊ दे. तर तुझं म्हणणं असं..."

अक्काचं वाक्य आजतागायत पुरं झालेलं नाही. शिंगं नुकती फुटलेला एक तरणा नर मागे उभा राहून मान हलवत हे सगळं ऐकत होता. वाघानं त्यालाच उचललं. कळप उधळला. डावी वाट कुणाला आठवते तेव्हा! वाट फुटेल तिकडे साठातली एकोणसाठ पळाली, माळावरून, खड्यांवरून.

धूळ बसली तेव्हा टिटवीची तीन अंडी मातीत मिसळली होती. चौथं दगडाच्या खाचीत होतं, ते राहिलं. ती त्याच्यावर जाऊन बसली. ओरडली नाही. ओरडायचं कशाला आता, आणि कुणाला?

दुसऱ्या दिवशी परत सभा. वाघ पोट टेकवून खडकावर बसला होता. दात कोरत म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. पण आपण शिकायला हवं. टिटवीच्या बोलण्यात कमी कुठे पडली?"

"आवाज कापत होता," साळुंकी म्हणाली. "बघणं एकाच डोळ्यानं. आणि चेहरा अजिबात हसरा नव्हता."

"चोचीला हसू आणायचं कसं, मॅडम?" टिटवीनं विचारलं.

"इच्छा असेल तर येतं."

अक्का हळूच उभी राहिली. "मी टिटेला दोष देत नाही. पण खरं सांगू? ती बोलली तेव्हा मला भीती वाटली. मी वेळ दिला, ठिपक्यांचं ऐकून घेतलं, आणि पुढे एकदम वाघ! समोरच्याला धक्का बसू नये, इतकं तर बघावं माणसानं."

अक्का माणूस नव्हती. पण वर्गात तसं बोलायची सवय लागली होती.

ठराव असा झाला, की टिटवीनं वर्गात परत पहिल्यापासून बसायचं. वर्ग सुरू केल्याबद्दल वाघाला बेलपानांचा हार घालण्यात आला. हार घालायला गेलेल्या चितळीकडे वाघ नजरेला नजर देऊन बघत राहिला. तिला फार बरं वाटलं.

मग चार दिवस गेले. पाचव्या दिवशी टिटवी अंड्यावर बसली असताना पोटाखाली आवाज झाला. टुक. टुक. आतून पिल्लू कवच टोचत होतं आणि बारीक चिवचिवत होतं.

टिटवी समोर बघत होती. करवंदीची जाळी हलली. पोटाखाली बघून ती हळूच "टिव" म्हणाली.

आतला आवाज एकदम बंद झाला. नमस्कार नाही, ओळख नाही, वेळ आहे का, काही नाही. अजून जगात न आलेल्या जिवाला कळलं, की आता गप्प बसायचं. टिटवीला भरून आलं. या जंगलात निदान एक जण तरी होता, जो वर्गात बसलेला नव्हता.

पाण्यावर अक्का आणि सगळा कळप होता. वाघ जाळीतून अर्धा बाहेर आला होता. आणि टिटवी उडाली.

"टिटीव-टिव! टिटीव-टिव! टिटीव-टिव!"

वाघाच्या डोक्यावर घिरट्या, आभाळ फाटेल असं ओरडणं. चितळांची डोकी विचार करायला लागायच्या आत त्यांचे जुने पाय निघाले. डाव्या वाटेनं, वळसा घालून, एकोणसाठच्या एकोणसाठ. अंड्याला धूळसुद्धा लागली नाही. वाघ पाण्यात आपलंच तोंड बघत उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, चला, कळलं एकदाचं सगळ्यांना. थांबा जरा.

सकाळी अक्का आली. मागे साळुंकी आणि सगळा कळप.

"टिटे," अक्का म्हणाली, "जीव वाचवलास, ते ठीक आहे. त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण चारचौघांत असं ओरडतात का गं? महाराजांच्या तोंडावर? माझ्या लेकीसुनांसमोर?"

"वाघ पाच पावलांवर होता अक्का."

"म्हणून काय झालं? दोन शब्द नीट बोलली असतीस, तर आम्ही पळालो नसतो का?"

टिटवी तिच्याकडे बघत राहिली. एकाच डोळ्यानं.

"आशय बरोबर, पद्धत चूक," साळुंकी म्हणाली. "नापास."

यापुढे टिटवीशी कुणी बोलायचं नाही, तिचं कुणी ऐकायचं नाही आणि माळावर तिला वळसा घालायचा नाही, असं ठरलं. ते मात्र सगळ्यांना एका शब्दात समजलं.

त्याच दुपारी अंडं फुटलं. टिटवीचं पिल्लू जन्मताच चालतं. दोघं मायलेकरं उथळ पाण्यातून पलीकडच्या काठाला गेली आणि तिथल्या खड्यांत राहू लागली.

पण सवय जाते होय? जुन्या काठावर पट्टे दिसले की टिटवी अजूनही उडायची आणि इकडून ओरडायची. चितळं कान टवकारायची. पाय उचलायची. मग एकमेकींकडे बघायची.

"आपल्याला म्हणतेय का ती?"

"नाव घेऊन तर बोलली नाही."

"ऐकायचं नाही असं ठरलंय ना."

आणि उचललेला पाय हळूच खाली ठेवायची.

पिल्लू आईच्या पंखाखालून हे बघत होतं. त्यानं विचारलं, "आई, वाघ आला तरी ती पळत का नाहीत?"

"माझा आवाज चढलाय, असं म्हणताहेत ती," टिटवी म्हणाली. "वाघाचा कधीच चढत नाही."

तात्पर्य : मुलांनो, ओरडणाऱ्यापासून नेहमी लांब राहावं, त्याला बोलायची रीत नसते. जो हळू बोलतो, गोड बोलतो आणि तुमच्यावरची नजर जराही हलवत नाही, त्याच्याच जवळ जाऊन बसावं. त्याला भूक लागेपर्यंत त्याचं सगळं बोलणं नीट समजतं.