बरणीतलं समीकरण

बायकोच्या संशोधनाच्या पेपरावर तिच्या नावाशेजारी आपलंच नाव छापून आलं पाहिजे, असं मास्तरांनी दाढी करता करता ठरवलं आणि तिथेच गाल कापून घेतला.

बायको लॅबमध्ये यीस्टच्या पेशी वाढवते. मास्तर कॉलेजात गणित शिकवतात. (पोरं बदलली, नोट्स त्याच राहिल्या.) पेशींची वाढ गणितात बसवायला माणूस हवा होता तेव्हा तिने आधी घरातच विचारलं होतं. "पेशी म्हणजे नुसता चिखल," मास्तर नाक मुरडत म्हणाले होते, "मी शुद्ध गणितातला माणूस." मग तिने एक तरुण गणिती घेतला. आता जेवताना रोज तोच.

"काय नेटकं समीकरण मांडलंय हो त्याने!"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

तो तरुण घरी यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी स्वतःचं समीकरण मांडलं. पेशी साखर खातात, दुप्पट होतात, साखर संपली की थांबतात. पुरावा म्हणून प्लास्टिकच्या बरणीत साखरपाणी आणि यीस्ट घातलं. समीकरणाची पहिलीच अट होती, आतलं काही बाहेर जात नाही. म्हणून झाकण दात-ओठ खाऊन आवळलं. (जग आपल्या सूत्रात बसत नसेल तर जगालाच पिळायचं, ही या पिढीची खोडच आहे. आम्हा पोरांवरही तेच करून झालंय.)

पाहुणा आला. बायकोने त्याच्यासाठी चांगले कप काढले, मास्तरांना कान तुटलेला.

"काका, कपाटावर ते काय?"

काका! "मॉडेल," मास्तर गुरगुरले. "तुमच्यासारखं कागदी नव्हे. जिवंत."

बायकोने वर बघितलं. "अहो, झाकण घट्ट लावलंत?"

"अर्थात. समीकरणात..."

"आणि पेशी सोडतात तो गॅस?" दोघं एकदम ओरडले.

एका सुरात! बरणी काढून दाखवायलाच मास्तर तरातरा कपाटाशी गेले, पण उत्तर बरणीनेच दिलं. झाकण छताला आदळलं, फेस मास्तरांच्या टकलावरून मिशीत उतरला.

बायको हसून हसून खुर्चीत कोसळली. तरुण मात्र गंभीर.

"काका, साखर किती घातली होती? काय विसरलं की मॉडेल फसतं, याचं उदाहरणच हवं होतं आम्हाला. पेपरात घेऊ?"

मास्तरांचे डोळे फेसातून लकाकले. "पेपरात? मी?"

"हो तर!" त्याने टॉवेल पुढे केला. "आणि काळजी करू नका काका, तुमचं नाव कुठ्ठेही येऊ देणार नाही."