गळती कोणाची?

"ज्या माणसानं चौतीस वर्षं धरणांची गळती थांबवली, त्याला वीस फुटी हौदाची गळती म्हणजे चहात पडलेली माशी! उचलायची आणि टाकायची!"

असं म्हणून दत्तात्रय उमाळकरांनी लेंगा पोटरीपर्यंत दुमडला आणि हातात पाना घेतला. अरेरा कॉलोनीतल्या त्यांच्या घरामागे पोहण्याचा एक तलाव होता. छोटा, जुना, फिकट निळ्या फरश्यांचा. पाटबंधारे खात्यात साहेब असताना, वीस वर्षांपूर्वी, त्यांनी तो स्वतः आखून बांधून घेतला होता. ते त्याला 'पूल' म्हणत. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई म्हणत, 'धाकटं तळं'. भोपाळला एवढी थोरली तळी आहेत, त्यांना एक शेंडेफळ असलं तर काय बिघडलं?

आणि हे शेंडेफळ दर तासाला चार बोटं आटत होतं.

आटायचं ते पूर्वीही, पण तेव्हा कुणाचं अडत नव्हतं. आता साकेत नगरच्या डॉक्टरीणबाईंनी लीलावतीबाईंचे गुडघे दाबून पाहून सांगितलं होतं, "रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चाला. नाहीतर ऑपरेशन." तेव्हापासून लीलावतीबाई रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसत. पाण्यावर पारिजातकाची फुलं सांडलेली असत, पाण्यात आभाळ उतरलेलं असे, आणि त्या आभाळातून आपण हलक्या हलक्या चालत निघालोय, असं त्यांना उघड्या डोळ्यांनी स्वप्न पडे. पाणी मात्र घोट्याच्या वर यायला तयार नाही. आईकडून आलेल्या ओव्यांत मग त्या आपली एक घालत:

*धाकट्या तळ्या बाई, तुझं पाणी कुठं जातं*
*माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं, सांग कुणाशी गं नातं*

"अहो, ओवी झाली, आता प्लंबर बोलवा," त्या म्हणाल्या. "जवाहर चौकातले शकूरभाई आहेत ना."

"प्लंबर? माझ्या पूलला? रविवारी तू पाण्यात चालणार, म्हणजे चालणार! गळती हा माझा विषय आहे!"

विषयतज्ज्ञांनी पंपाचा जोड उघडला, सुतळी गुंडाळली, सफेदा फासला, पाना आवळला आणि बटण दाबलं. पुढचा क्षण फार सुंदर होता. जोडातून पाण्याची अशी कमान उठली की तिच्यात इंद्रधनुष्य दिसलं! मग ती कमान साहेबांचा चष्मा घेऊन गेली, दोरीवरच्या वाळलेल्या साड्यांना पुन्हा न्हाऊ घालून आली आणि कुंपणापलीकडे विनिताताईंच्या पापडांवर उतरली.

"लीलाकाकू!" पलीकडून हाक आली. "पापड वाळवायला घातलेत हो, भिजवायला नाही!"

"किती छान दिसलं ना," लीलावतीबाई इंद्रधनुष्याच्या जागेकडे बघत म्हणाल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "आता तरी लावा फोन."

साहेबांनी फोन लावला. चाळीस वर्षं भोपाळात काढूनही त्यांची हिंदी अमरावतीच्या पुढे सरकली नव्हती.

"शकूरभाई? हमारे पूल में गळती है!"

"गलती? पुल में?" पलीकडे शकूरभाई हार्डवेअरच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभे होते आणि फोन स्पीकरवर होता. "साब, हम तो नल वाले हैं. पुल की गलती तो सरकार को बताइए."

"सरकार का क्या संबंध? पूल मैंने खुद बांधा है!"

"आपने?"

"और किसने? पूरी गळती मेरे सामने है! बहुत बड़ी गळती है! बीस साल से है!"

दुकानातली गिऱ्हाइकं फोनभोवती गोळा झाली. मग अस्सल भोपाळी बोलीत शकूरभाईंचा गहिवरलेला आवाज आला. "को खाँ, सुन रिये हो? अफसर खुद फोन करके अपनी गलती बता रिया है! साब, आप घर पे ही रहिए. हम आ रिये हैं!"

"बघ," साहेब फोन ठेवत म्हणाले, "काय तत्परता आहे!"

पण शकूरभाईंच्या आधी फाटकाशी येऊन आदळली ती विनायक देवस्थळ्यांची स्कूटर. विनायकराव साहेबांच्या हाताखाली ओव्हरसिअर होते. ते नेमके त्याच दुकानात तोटी घ्यायला गेले होते. ती तोटी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"साहेब, हे काय केलंत? सगळ्या चौकासमोर?"

"काय केलं?"

"कालव्यावरच्या पुलाचं बोललात ना! साहेब, तो कठडा सहा इंच कमी भरला, तो मीच मोजला होता. चूक माझी! वीस वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय. पण सही तुमची आहे हो!"

"कमी भरला?" साहेब खुर्चीत बसले.

"पूल ठणठणीत आहे, साहेब. म्हशी त्याला अंग घासतात तरी हलत नाही. पण बोलून टाकलं, आता मोकळं वाटतंय." आणि खरंच विनायकरावांचा चेहरा धुऊन ठेवलेल्या पातेल्यासारखा लख्ख दिसत होता. लीलावतीबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

इतक्यात शकूरभाई आले. हातात पान्यांची पिशवी, मागे सात-आठ माणसं आणि एकाच्या हातात झेंडूचा हार! ईमानदार अफसर बघायला चौकच लोटला होता.

"साब, कहाँ है पुल?"

साहेबांनी हौदाकडे बोट दाखवलं. शकूरभाईंनी हौदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा हौदाकडे पाहिलं.

"ये तो हौज है!"

"वही तो! पूल! स्विमिंग पूल! और ये पानी जाता है, ये गळती!"

"अरे, तो लीकेज बोलिए ना, खाँ!" शकूरभाई हसत हसत काठावरच बसले. हारवाल्याला मात्र हार कुठं ठेवावा ते कळेना.

आल्यासरशी शकूरभाईंनी काम हाती घेतलं. पंप बंद केला, पाणी संथ होऊ दिलं आणि थोडा रंग मागितला. लीलावतीबाईंनी देव्हाऱ्यातली आळत्याची बाटली आणून दिली. निवांत पाण्यात चार थेंब पडले. लाल धागा उलगडला, वळला, डोलला, आणि माहेरी निघालेल्या लेकीसारखा थेट एका कोपऱ्याकडे चालू लागला. पारिजातकाखालच्या कोपऱ्याकडे. तिथं भिंतीत पाइपचं तोंड होतं. धागा त्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

शकूरभाईंनी माती उकरली. मुळांनी पाइपला असा विळखा घातला होता की पाइप कुठला आणि मूळ कुठलं, सांगता येऊ नये.

"पेड़ के नीचे से पाइप?" शकूरभाईंनी कपाळावर हात मारला. "ये किसकी गलती है, साब?"

वीस वर्षांपूर्वी याच जागी लीलावतीबाई म्हणाल्या होत्या, "अहो, झाडाखालून नको, मुळं शिरतील." आणि साहेब म्हणाले होते, "मुळांना नकाशा वाचता येत नाही!"

साहेबांना आधी ठेकेदार आठवला. मग झाड आठवलं. मग विनायकरावांचा तो लख्ख चेहरा दिसला. मग लीलावतीबाई. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. पाण्यात विरत चाललेल्या लाल रंगाकडे बघत एका हातानं गुडघा चोळत होत्या.

"मेरी," साहेब पुटपुटले.

"जी?"

"गलती मेरी है!"

झेंडूचा हार तत्काळ त्यांच्या गळ्यात पडला. टाळ्या वाजल्या. शेवटी चौकानं जे बघायला चाल केली होती, ते त्याला दिसलं होतं!

"शकूरभाई," लीलावतीबाई हळूच म्हणाल्या, "एक बार और पूछिए ना. पंप की आवाज़ में सुनाई नहीं दिया."

पंप तर केव्हाचा बंद होता.

नवा पाइप झाडाला मोठा वळसा घालून गेला. रविवारी सकाळी धाकटं तळं काठोकाठ भरलं होतं. पारिजातकाची फुलं हातानं बाजूला सारत लीलावतीबाई एकेक पायरी उतरल्या. पाणी कमरेशी आलं आणि गुडघे कुठं गेले ते त्यांना कळेना. आभाळातून चालत चालत त्या पलीकडच्या काठाला लागल्या.

*पाण्यात उतरले बाई, अंग झालं पीस पीस*
*एका शब्दासाठी वाट, पाहिली मी वर्षं वीस*

काठावर साहेब उभे होते. पाणी एक बोटही हललेलं नव्हतं. त्यांची छाती पुन्हा हळूहळू फुगली.

"बघितलंस? म्हटलं होतं ना, गळती हा माझा विषय आहे!"

"हो," पाण्यातून लीलावतीबाई म्हणाल्या. "फक्त 'ळ' नका हो म्हणू. 'ल' म्हणा."