मोनालीची पट्टी आणि बिजल्याचं डोकं

"दौंडात बसून डाक्टरीणबाई आमच्या मोनीचं डोकं वाचत्यात! हाय का तालुक्यात कुणाच्या घरी असलं?"

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात हौसरावांनी हे भाजीवाल्यांना ऐकवलं, गिऱ्हाइकांना ऐकवलं, जीपच्या ड्रायव्हरलाही सोडलं नाही. अभिमान वाटण्यासारखंच होतं म्हणा! त्यांची नात मोनाली म्हणजे कबड्डीत जबर चढाई करणारी पोरगी. गेल्या सामन्यात पकडीत कुणाचा तरी गुडघा तिच्या डोक्यात बसला. ती उठली, "मला काय न्हाई झालं" म्हणाली आणि पुन्हा चढाईला निघाली. पण तिच्या कपाळावरच्या निळ्या पट्टीतल्या यंत्रानं दणका मोजला होता. मैदानाबाहेर बसलेल्या माया डॉक्टरांच्या फोनवर लाल दिवा लागला आणि त्यांनी खेळ थांबवून तिला बाहेर काढलं. मेंदूला मुका मार!

संघातल्या सगळ्या पोरींना या पट्ट्या डॉक्टरांनीच दिल्या होत्या. आता मोनालीनं घरी गप पडून राहायचं आणि पट्टी काढायची नाही. झोप कशी लागते, मान किती हलते, तोल जातो का, सगळं दौंडला डॉक्टरांच्या फोनवर दिसणार. दिवा हिरवा झाला तरच रविवारी दौंडला जिल्ह्याच्या निवडीला उतरायचं. नाहीतर यंदाची संधी गेलीच!

पण गप पडायला घरात जागा तरी हवी ना! पट्टी बघायला गाव लोटला. हौसरावांच्या कारभारीण सुलक्षणाबाई चहा करून करून वैतागल्या. हौसराव मात्र आल्यागेल्याला थेट खाटेपाशी नेत.

"मोने, जरा डोकं हलीव. पाव्हण्यांना दाव!"

असं डोकं हलवून हलवून दिवा पिवळ्यावरच अडकला. शेवटी मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा, लई दुखतंय वो. मला रविवारी खेळायचंय. ह्या सगळ्यांना घालवा की!"

दुपारी पोरीचा डोळा लागल्यावर हौसरावांनी हलक्या हातानं पट्टी सोडली, दार ओढून घेतलं आणि सगळी मंडळी गोठ्यात नेली. "पोरीला झोपू द्या. काय बघायचं ते हितं बघा!" पट्टी पोरीच्या डोक्यासाठी आहे, पाव्हण्यांसाठी नाही, एवढंच ते विसरले. आधी त्यांनी ती स्वतःच्या टोपीवरून चढवली आणि बराच वेळ मिरवली. मग ती शेजारच्या बाळासोंच्या डोक्यावर गेली.

बाळासोंनी नाक मुरडलं. "हॅ! ह्यापरीस आमच्या खोंडाची झूल भारी!"

"खोंडाचं कौतुक सांगता व्हय? आमचा बिजल्या शर्यतीचा बैल हाय! बघा आता त्याला कशी शोभती!"

पट्टी बिजल्याच्या शिंगांमागं आवळली गेली. बिजल्यानं रवंथ चालू ठेवला. माशी बसली, त्यानं मान झटकली. दुसरी बसली, खांबाला डोकं घासलं. फोन वाजला.

"हौसराव, मोनाली काय करतेय?" माया डॉक्टरांचा आवाज चढला होता.

"गाढ झोपलीय, म्याडम!"

"झोपलीय? अहो, जबडा सारखा हलतोय, मान हिसडे देतेय, आणि ती उभी आहे! झटके आहेत हे! मी ॲम्ब्युलन्स घेऊन निघालेय!"

हौसरावांना यातलं एकच कळलं. "ऐका! डाक्टरीणबाई स्वतः गाडी घिऊन येत्यात! शाल-नारळ आणा कुणीतरी!"

सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स अंगणात शिरली. डॉक्टर धावत घरात गेल्या, तर मोनाली खाटेवर बसून पिठलं-भाकरी खात होती!

"पट्टी कुठंय?"

सगळ्यांच्या माना गोठ्याकडं वळल्या. हौसराव शाल घेऊन पुढे झाले होते, ते तिथंच थिजले.

"बैलाचं डोकं बघून मी हिला वर्षभर बसवलं असतं, हौसराव!"

"म्याडम, माझ्या मिरवण्यापायी पोरीचा रविवार घालवू नका. पायजे तर मला बोला!" म्हाताऱ्यानं शालीसकट हात जोडले.

डॉक्टरांनी मोनालीला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, सांगितलेले शब्द उलटे म्हणायला लावले, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. पोरगी तसूभर हलली नाही. दुपारभर कुणी उठवलं नव्हतं, त्या झोपेनं काम केलं होतं. "ठीक आहे ही. पण रविवारपर्यंत पट्टी हिच्याच डोक्यावर. आणि घरात शांतता!"

हौसरावांनी फाटक लावलं आणि ओट्यावर ठाण मांडलं. बाळासोंना पाणीसुद्धा बाहेरच मिळालं. दिवा हिरवा झाला.

रविवारी दौंडच्या मैदानावर मोनालीनं एका चढाईत तिघींना बाद केलं आणि निवडीत तिचं नाव पहिलं पुकारलं. हौसराव एवढ्यानं ओरडले की स्टेशनातून सुटलेली गाडी थांबली असती! छाती फुगवून ते डॉक्टरांपाशी गेले.

डॉक्टर फोन बघत हसत होत्या. "त्या दुपारची नोंद बघा. हे बाळासो, हा बिजल्या. पण त्याआधी बराच वेळ यंत्र म्हणतंय, 'पट्टी डोक्यावर नाही.' तेव्हा कुठं खाली ठेवली होती का?"

"छ्या!" हौसराव अभिमानानं म्हणाले. "तवा तर माझ्याच डोक्यावर हुती!"