आबा लोहारांची फुंकरबंदी

आबा लोहारांच्या दुकानात चहावर फुंकर मारायला बंदी आहे. चहा कितीही उकळता असो, बशीत ओता, वाट बघा, नाहीतर जीभ भाजून घ्या. पण तुमच्या ओठांचा चंबू झालेला दिसला, की आबा काउंटरमागून ओरडलेच म्हणून समजा. "फुंकायचं न्हाय! सांगून ठेवतोय!" नवं गिऱ्हाईक दचकून निम्मा चहा अंगावर सांडतं. माझ्या पुतणीच्या वाढदिवसाला तर आबांनी केकवरच्या मेणबत्त्या चिमटीनं विझवल्या. ती बिचारी रडली ते वेगळंच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. माझं झेरॉक्सचं, आबांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. आता टीव्ही कोण दुरुस्त करतंय? म्हणून आबा मिक्सर दुरुस्त करतात आणि उरलेला वेळ लोकांना शिस्त लावतात.

ह्या बंदीचं मूळ एका स्टीलच्या डब्यात आहे. डब्यात तांदूळ, दमट हवा लागू नये म्हणून. तांदळात सुती फडकं आणि फडक्यात तळहाताएवढी जपानी व्हिडिओ गेमची कॅसेट. तीसेक वर्षांमागं शिरोलीच्या एका फौंड्रीत मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. त्याचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर आबांनी चालू करून दिला आणि वर पैसे घेईनात. "पावण्याकडनं कसलं पैसं घ्यायचं?" शेवटी त्या माणसानं चारचारदा वाकून ही कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. उड्या मारत पुढं जायचा खेळ. एक टोपीवाला बेडूक, खाली काटे, वर ढग. नाव जपानीत, ते कोणाच्या बापाला वाचता येणार? आबांनीच बारसं केलं, 'उडीबाबा'.

संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीला व्हिडिओ गेमचं मशीन जोडून आम्ही सगळे तो खेळायचो. सगळ्यांत पुढं जायच्या कमलवहिनी, आबांच्या मंडळी. पदर खोचून बसायच्या, आणि बेडकानं उडी मारली की ह्यांचाही खांदा वर जायचा. आबांच्या हातात बटणं आली की बेडूक तिसऱ्या ढगावरनं पडणार हे ठरलेलं. "उडी मारा की वो! बघत काय बसलाय!" वहिनी ओरडायच्या. आबांना असं बोलू शकणारं अख्ख्या कोल्हापुरात तेवढं एकच माणूस होतं.

आणि गंमत बघा. त्या काळी कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, ही सगळ्यांचीच पद्धत होती. त्यात सगळ्यांत दांडगी फुंकर आबांची. तालमीत कमावलेली छाती! मग ही बंदी कुठून आली? विचारलं की एकच उत्तर. "थुंकी जाती आत, गंज चढतोय. तुला काय कळतंय सुभ्या, तू झेरॉक्स काढ."

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण आला. जुने गेम जमवणारा. उडीबाबाचा फोटो त्यानं कुठंतरी बघितला होता. यायच्या आधीच फोनवर म्हणाला होता, "काका, जपानातसुद्धा हा गेम मिळत नाही. लोक वर्षानुवर्षं शोधतात. मी काचेच्या कपाटात जपून ठेवीन." आबांना मूलबाळ नाही. त्यांनी द्यायचं पक्कं केलं होतं. तो यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "माझ्यामागं हे भंगारात जायाचं बघ. ह्या पोराला किंमत कळती. तिथं नीट ऱ्हाईल."

डबा उघडला. फडकं सोडलं. आणि पाहुण्याचा चेहरा उतरला.

लेबलावरच्या बेडकाच्या कपाळावर हळदीकुंकवाचा थर होता. दर खंडेनवमीला वहिनी दुकानातल्या हत्यारांची पूजा करायच्या. पक्कड, मीटर, सोल्डरिंग आयर्न, आणि शेवटी ही कॅसेट. "टीव्ही हिच्यावर चालतोय न्हवं? मग हत्यारच की!" असं म्हणून बोट टेकवायच्या. बेडूक जोतिबाला गुलाल खेळून आल्यागत दिसायचा. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर आबांनी खंडेनवमीला पक्कड पुजली, मीटर पुजला, पण ह्या कॅसेटला हात लावला नाही.

"हरकत नाही काका," तो तरुण समजुतीनं म्हणाला. "स्पिरिटचा बोळा फिरवला की लेबल साफ होईल. वरची तर नुसती पूड आहे." आणि त्यानं कॅसेट तोंडाजवळ नेली, ओठांचा चंबू केला.

एरवी आबांना स्टुलावरनं उठायला टेबलाचा आधार लागतो. त्या दिवशी ते कसे उठले मला कळलंच नाही. त्यांचा पंजा त्या पोराच्या तोंडाच्या आणि कॅसेटच्या मधे होता. आता दुकान दणाणणार म्हणून मी डोळे मिटले. पण आबा ओरडले नाहीत.

"नगासा पावणं," ते हळू म्हणाले. "उडून जाईल. तिच्या बोटाचं तेवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं."

पोरानं कॅसेट तोंडापासून लांब धरली.

"मी हाय तवर ऱ्हाऊ द्या हितंच. मी गेल्यावर न्या. मग काय पुसायचं ते पुसा."

पोरगं गुणी निघालं. दोन्ही हातांनी त्यानं कॅसेट फडक्यात ठेवली, आबांच्या पाया पडला आणि गेला. मी मनाशी वर्षं मोजत होतो. बंदीलाही चारच वर्षं झाली होती. गंज, थुंकी, सगळी थाप. चार वर्षं शेजारी बसून मला हे कळू नये, ह्याची मला लाज वाटली.

आबांनी डबा लावला, वरनं दोनदा दाबून बघितला. तेवढ्यात चहा आला, वाफाळता. माझ्याकडं न बघता आबा म्हणाले,

"मार फुंकर. डबा बंद हाय आता."

मला काही फुंकर मारवेना. पोळत पोळत तसाच प्यालो.