ठमी आणि पाहुणे

पंजाबरावांच्या अकोटच्या घरी पाहुणे आले, की ठमीच्या अंगात यायचं. एरवी ही मांजर इतकी गरीब, की घरच्या मालकीणबाई जमुनाबाईंच्या पायांशी लोळण्यापलीकडे तिला उद्योग नसे. पण पाहुणे सोफ्यावर टेकले रे टेकले, की बाईसाहेब त्याच्या कोपऱ्याशी मागच्या पायांवर उभ्या, आणि खर्र खर्र!

त्या दिवशी तर मूर्तिजापूरचे व्याही नत्थुजी आले होते. चहा ओठांना लागतो न लागतो, तोच ठमीने त्यांच्या कोपराजवळचं सोफ्याचं कापड ओरबाडलं. ते गेल्यावर पंजाबरावांचा पारा चढला.

"त्या मांजरीले पाहुणे पाह्यवत नाई! आपली इज्जत काढून राह्यली ते! ऐतवारी नत्थुजी पुन्हा येतीन, त्याच्या आंधी तिले वावरात सोडून येतो."

जमुनाबाईंनी ठमीला उचलून पदराखाली घेतलं. लेक प्रणाली सासरी गेल्यापासून त्यांचं बोलणं ऐकून घेणारं घरात हे एवढंच होतं. पंजाबराव असायचे, पण मोबाइलमध्ये.

शनिवारी जमुनाबाईंनी सोफ्याचं प्लास्टिक पुसायला काढलं. हो, प्लास्टिक! सोफा दुकानातून आला तसा त्यातच होता. ते निघायचं फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांनी भर उन्हाळ्यात त्याला चिकटून बसायचं. झोपेतून उठलेली ठमी आळस देत आली, कोपरा हुंगला, आणि खर्र खर्र! घरात पाहुणा तर औषधालाही नव्हता.

"अजी, इकडे या!" जमुनाबाई ओरडल्या. "तिचं पाहुण्याशी काईच वाकडं नाई! प्लास्टिकात नख रुतत नाई, म्हून बिचारी कापड उघडं व्हाची वाट पाह्यते. मांजर हाय, नखं तं घासनच. तिले दुसरं काही द्या."

"काय देऊ? दुसरा सोफा?"

पण ते उठले. एक जाड खांब जड पाटावर पक्का ठोकला, त्याला कापसाच्या पोत्याचं बारदान करकचून गुंडाळलं आणि नेऊन ठेवला परसात. ठमीने ढुंकूनही पाहिलं नाही.

"पाहुण्याले बैठक, अन् तिले परस?" जमुनाबाईंनी खांब सोफ्याच्या कोपऱ्याशी आणवला. ठमी आली. हुंगलं, अंग ताणलं, आणि खांबावर खर्र खर्र!

रविवारी नत्थुजी आले, प्लास्टिक निघालं. पंजाबराव ठमीवर नजर ठेवून बसले. ठमी सोफ्याकडे न पाहता थेट खांबाकडे गेली. नत्थुजींनी आरामात दोन कप चहा घेतला आणि जाताना त्या खांबाचंच कौतुक केलं. पंजाबरावांची छाती फुगली.

सोमवारी सकाळी ठमी केविलवाणी ओरडत होती. जमुनाबाई येऊन पाहतात तर काय, खांब तळापासून शेंड्यापर्यंत प्लास्टिकमध्ये!

"अजी, हे कायले?"

"नवा हाय ना. पाहुणे आले की काढू."

जमुनाबाई तडक आत गेल्या. त्यांनी कात्री आणली. आधी खांबाचं प्लास्टिक कापलं, मग सोफ्याचं. पंजाबराव "अवो, अवो" करत मागेमागे फिरले, आणि शेवटी सोफ्यावर बसले. जरा वेळाने कापडावर हात फिरवत म्हणाले, "लयच नरम हाय वो हा!"