पाणीखात्याचं तयार पान

नागरिकाला उत्तर मिळणं ही लोकशाहीची शान आहे. ते त्याच्याच प्रश्नाचं असावं, असा आग्रह कुठे लिहून ठेवलेला नाही. पाणीखात्याच्या संगणकवाल्याने हे तत्त्व अमलात आणलं, तेही अनवधानाने.

खात्याची वेबसाइट मुळात फार निवांत. तक्रारीचा क्रमांक टाकावा, चहा ठेवावा (पाणी असल्यास), पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावरचं चाक आपलं फिरतंच आहे. शेवटी साहेबांनी तंबी दिली, "वेग वाढव, नाहीतर मीटर वाचायला धाडतो."

संगणकवाल्याचे गुडघे जिन्याच्या नावानेच कुरकुरायचे. त्याने तातडीने फुल पेज कॅशिंग बसवलं. म्हणजे पान एकदाच तयार करायचं, त्याची प्रत ठेवायची आणि पुढे येईल त्याच्या हाती तीच द्यायची. दर वेळी आत शोधाशोध नको. ज्याच्या-त्याच्या तक्रारीचं पान यातून वगळायचं असतं. ते तेवढं राहून गेलं.

चाचणीचा मान साहेबांचा. त्यांनी आपल्या बंगल्याची तक्रार उघडली. (साहेबांची तक्रार नोंदवण्याआधीच दूर होते, पण रीत म्हणून नोंदवतात.) पान आलं: 'आदरणीय साहेब, आपली तक्रार दूर झाली आहे. बागेलाही पाणी सोडलं आहे.' हेच पान जपून ठेवलं गेलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या शहराला, पापणी लवायच्या आत, दिसू लागलं.

निकाल थक्क करणारे होते. समाधानी नागरिक: शंभर टक्के. असमाधानी: त्यांच्यासाठी वेगळं पान नाही. आपल्याला बागच नाही, हे सांगायला काही जण आले खरे. पण 'आदरणीय' म्हटल्यावर माणूस जरा विरघळतोच.

अशात संगणकवाल्याच्याच घरचा नळ आटला. खालून बादल्या वाहून बायकोचे हात भरून आले. "आज पाण्याचं बघा," ती म्हणाली, "नाहीतर मी माहेरी जाते. आईंनाही नेते. त्यांचं आवरून झालंय."

त्याने ऑफिसात जाऊन आपली तक्रार उघडली आणि 'आदरणीय साहेब'पासून बागेपर्यंत सगळं पान वाचलं. तो साहेबांकडे धावला.

"साहेब, सगळ्यांना तुमचं पान जातंय. आमच्याकडे थेंब नाही."

साहेबांनी त्याचा क्रमांक टाकला. पान झटकन आलं. "दूर झालीय की तक्रार. बिघाड तुझ्या नळात असेल."

"ही सोय बंद करतो, साहेब."

"मग वेग?"

"जाईल."

"मग तूही जा. मीटर वाचायला."

गुडघ्यांशी सल्लामसलत करून संगणकवाला तसाच घरी परतला. दारात पिशव्या भरून तयार होत्या.

"काय झालं पाण्याचं?" बायकोने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला. क्षणाचाही विलंब झाला नाही.

"ह्याचं हे उत्तर तयारच असतं," आई चपला घालत म्हणाली. "शाळेत होता तेव्हापासून. प्रश्न ऐकतसुद्धा नाही मेला."

दोघी जिना उतरून गेल्या. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. "काय, कसं काय?"

"मजेत," तो म्हणाला.

वाचकांनी हसू नये. आज तुम्हालाही कोणीतरी हे विचारलं असेल आणि उत्तर झटकन गेलं असेल. ते पान तुम्ही शेवटचं केव्हा तयार केलं होतं, एवढं आठवून बघा. वेळ लागत असेल, तर लागू द्या.